ओंकारातला कमरबंद आमच्या वाडीच्या नाटकात काय होईल?

खाडीकाठची:

मी देवगड तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका मच्छीमार वाडीत राहते. सोसायटीत डिझेल आणि बर्फाचा हिशेब लिहिते. वाडीत दर वैशाखात सत्यनारायणाची महापूजा असते, मुंबईहून चाकरमानी आलेले असतात आणि रात्री नाटक होतं. आजवर छापील नाटकं आणून बसवली जायची. यंदा मी हट्टाने म्हटलं, आपलं आपण लिहू. मंडळाने लिहायचं माझ्यावरच सोपवलं.

मी 'ओंकारा' हा हिंदी चित्रपट धरून बसले आहे. २००६ साली तो आला तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. भाड्याने सीडी आणून दीर-जावांनी भरलेल्या खोलीत पाहिला. शिव्या सुरू झाल्या तसे सासरे उठून पडवीत गेले. मी शेवटपर्यंत हलले नाही. शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो' मराठीतून वाचलं ते कितीतरी वर्षांनी, आणि तेव्हा ध्यानात आलं की विशाल भारद्वाजने नावं आणि गाव तर बदललंच, पण सगळ्यात मोठा बदल नात्यात केला. मूळ नाटकात ऑथेल्लोचे कान भरून त्याला बायको डेस्डेमोनावर संशय घ्यायला लावणारा तो इयागो; त्याची बायको एमिलिया ही डेस्डेमोनाच्या दिमतीला असलेली बाई. चित्रपटात इंदू ही ओंकाराची बहीण. म्हणजे चित्रपटातला इयागो, लंगडा त्यागी, घरचा जावई झाला. ओंकारा त्याचं ऐकतो म्हणून त्याला भोळा म्हणायची सोयच राहत नाही. बहिणीच्या नवऱ्यावर कोण संशय घेईल? आमच्याकडे जावयाचं ताट आधी वाढतात. या एका नात्यामुळे सगळी गोष्ट माझ्या पडवीत येऊन बसली.

आमचा नायक एका ट्रॉलरवरचा तांडेल, म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस. मालकाच्या मुलीने घर सोडून त्याच्याशी लग्न केलंय. आता त्याची स्वतःची बोट झाली आहे, तो बंदरावरचा व्यवहार बघणार, म्हणून बोटीवर नवा तांडेल नेमायचा आहे. वाडीला वाटतं, हा मान बहिणीच्या नवऱ्याचा. वीस वर्षं समुद्रात काढलीत त्याने. मान मिळतो तेवीस वर्षांच्या शिकलेल्या पोराला, कारण त्याला जीपीएस आणि फिश फाइंडर चालवता येतो. मूळ नाटकातही इयागोचं दुखणं हेच आहे, की कॅसिओने लढाई पुस्तकात पाहिली आणि बढती त्यालाच मिळाली. चित्रपटातला केसू कॉलेजात शिकलेला, इंग्रजी येणारा, म्हणून 'फिरंगी'. इथवर मला कुठे ओढूनताणून काही करावं लागलं नाही.

अडले आहे ते पुढे. ऑथेल्लोत बायकोचं कॅसिओशी सूत असल्याचा खोटा पुरावा ठरतो तो रुमाल, त्याचा ओंकारात कमरबंद झाला. घराण्यातला, पिढ्यान् पिढ्या चालत आलेला दागिना. रुमाल मला कधीच पटला नव्हता. आमच्याकडे रुमाल हरवला तर बाजारातून दुसरा आणतात. कमरबंद मात्र बघताच पटला. पण आमच्या तांडेलाच्या आईकडे असला दागिना कुठून असणार? तिने मासळीची पाटी डोक्यावर घेऊन मुलाला वाढवलंय. नथ म्हटली तर ती नाकातून पडत नाही. मंगळसूत्र काढून ठेवलं असं दाखवलं तर प्रेक्षक त्या मुलीलाच दोष देतील आणि नाटक तिथेच संपेल. अंगठी फार बारीक, पाचव्या रांगेपलीकडे दिसणार नाही. मला अशी वस्तू हवी आहे जी गरिबाच्या घरातही जपली जाते, सासूकडून सुनेकडे येते, कुणाच्याही हाती लागू शकते आणि शाळेच्या पटांगणात शेवटी उभ्या असलेल्या माणसालाही कळते.

आणखी दोन गोष्टी सुटत नाहीत. नाटक मालवणीत लिहिते आहे. ओंकारात सगळे तिकडच्या रांगड्या बोलीत बोलतात आणि त्यातूनच भीती वाटते. आमच्या लोकांना मालवणी कानावर पडली की हसायची सवय आहे. १९८० साली 'वस्त्रहरण' आलं तेव्हापासून ती सवय घट्ट झाली. त्या नाटकाने आमच्या बोलीला मुंबईच्या मोठ्या रंगमंचावर नेलं, त्याबद्दल मला अभिमानच आहे. पण मालवणीत कुणी मेलं तर लोक गप्प बसतील का?

आणि शेवट. शेक्सपिअर एमिलियाला इयागोच्या हातून मारतो आणि इयागो जिवंत उरतो. चित्रपटात इंदू नवऱ्याला मारते. मी कुठल्या वाटेने जाऊ? आमची इंदू झालेली माझी चुलत जाऊ तालमीत म्हणाली, "वैनी, माका मरूचा नाय, माका मारूचा आसा." तेव्हापासून मला झोप नाही.


सुरंगी (वेंगुर्ला):

ताई, छल्ला घ्या. किल्ल्यांचा.

माझ्या आजीच्या कमरेला चांदीचा छल्ला असायचा, आकडा साडीत खोचलेला आणि खाली घराच्या, पेटीच्या, कोठीच्या किल्ल्या. आजी गरीबच होती. कोठीत तांदळाशिवाय काही नसायचं, तरी कुलूप होतं आणि छल्ला होता. माझ्या आईला लग्नानंतर सात वर्षांनी तो मिळाला. ज्या दिवशी मिळाला त्या दिवशी आईने शेजारणींना बोलावून चहा केला, एवढं मला आठवतं.

तुमच्या तांडेलाच्या आईने मासळी विकून केलेली एकुलती चांदीची वस्तू म्हणजे तो छल्ला. तो ती सुनेला देते, आणि तीही घर सोडून आलेल्या, वाडीने अजून न स्वीकारलेल्या सुनेला. मग तो दुसऱ्या पुरुषाच्या खोलीत सापडला तर अर्थ काय होतो? त्याला घरात यायची वाट मोकळी आहे. हे कुणी तोंडाने सांगायलाही नको.

आणि तो वाजतो. दिसला नाही तरी शेवटच्या रांगेला ऐकू येईल. पहिल्या अंकभर ती मुलगी रंगमंचावर वावरताना किल्ल्या वाजू द्या. हरवल्यावर वाजायच्या थांबतील. ओंकारात केसूची बाई बिल्लो तो कमरबंद कमरेला बांधते ना, तसं तुमच्याकडे त्या पोराची बाई विंगेतून येताना आधी फक्त आवाज येऊ दे. तांडेलाने मान वळवायची, बस.

खरा छल्ला जड हवा. पत्र्याचा आणलात तर डब्यात खडे हलवल्यासारखा वाजतो.


पेटीवाला (कुडाळ):

ताईनू, मी दशावतारात पेटी वाजवतंय, पंचवीस वर्सा झाली. लोक हसतीत ह्या तुमच्या भियाविषयी सांगतंय.

आमच्यात राजो, राणी, ऋषी सगळे शुद्ध बोलतत. मालवणी बोलता तो संकासुर, नायतर एखादो गावचो गडी. म्हणजे मालवणी इली काय हसाचा, ही सवय नुसती एका नाटकान लावलली नाय. ती आमच्या रातीच्या खेळातसून इलेली आसा, आणि लय जुनी आसा. ती मोडूची तर जपान मोडूक होयी.

पण एक इचार करा. मयताच्या घराक बायो रडतत ती कसल्या भाषेत? "माका टाकून खय गेलंस रे" म्हणान हेळ काढतत, तेव्हा कोण हसता? लहान पोरगोसुदीक गप बसता. दुख्खाची मालवणी लोकांच्या कानात आसाच, फकत ती माटवात कोणी उभी केलेली नाय.

म्हणान सांगतंय, पैल्या पंधरा मिनटात एकव इनोद घालू नकात. कितीव बरो सुचलो तरी काढून टाका. पैलो हशो इलो काय मागे सगळी रात हशोच येतलो. सुरवातीक तांडेलाच्या आवशीच्या तोंडात मालवणी घाला, हळू, कामाची मालवणी. जाळा शिवता शिवता बोलता तशी. आणि शेवटच्या प्रवेशाक पेटी, तबलो, काय्येक नको. पडद्यामागे दर्या गाजतोच आसा तुमच्याकडे.


ग्रंथालयातला (रत्नागिरी):

मी एकतीस वर्षं ग्रंथालयात काढली. या प्रश्नाने मला फार आनंद झाला, कारण ऑथेल्लो आपल्या भाषेत येऊन दीडशे वर्षांवर झाली आहेत. महादेवशास्त्री कोल्हटकरांचं भाषांतर १८६७ सालचं. मग १८९० मध्ये गोविंद बल्लाळ देवलांनी 'झुंझारराव' लिहिलं. 'शारदा' लिहिणारे तेच देवल. त्यांनीही नुसतं भाषांतर केलं नाही, माणसं आणि मुलूख आपला केला, आणि गणपतराव जोशींनी तो झुंझारराव गाजवला. पुढे शिरवाडकरांनीही ऑथेल्लो मराठीत आणलं. म्हणजे ताई, तुम्ही जे करता आहात त्याला घरचीच परंपरा आहे, मुंबईच्या चित्रपटाकडून उसनं घेतल्याचं मनात आणू नका.

आता शेवटाबद्दल. शेक्सपिअरने ही कथा एका इटालियन कथासंग्रहातून घेतली, चिन्थिओच्या, १५६५ सालच्या. त्या कथेत रुमाल बायको उचलत नाही. तो दुष्ट निशाणदार, म्हणजे तिथला इयागो, स्वतः चोरतो. त्याची तीन वर्षांची मुलगी डेस्डेमोनाकडे मांडीवर घ्यायला देतो, आणि ती लेकराशी खेळत असताना तिच्या कमरपट्ट्यातून रुमाल काढून घेतो. कमरेतून! सुरंगीताईंचा छल्ला वाचला आणि मी उठून पुस्तक काढून पुन्हा खात्री केली.

त्याच कथेत निशाणदाराच्या बायकोला कट ठाऊक असतो. नवऱ्याच्या भीतीने ती गप्प राहते, आणि तो मेल्यावर सगळी हकिकत सांगते. म्हणजे तिघांनी एकाच बाईचे तीन शेवट केले. चिन्थिओची गप्प राहून जगते आणि मागाहून सांगते. शेक्सपिअरची बोलते आणि बोलल्याबद्दल मरते. भारद्वाजांची इंदू मारते. कोंकणा सेन शर्मांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो मला अगदी योग्य वाटला, कारण शेवटची दहा मिनिटं चित्रपट तिच्या चेहऱ्यावर उभा आहे.

माझं मत विचाराल तर एमिलियाने मरावं. ती मरते तेव्हा इयागो उरतो, आणि "यापुढे मी एक शब्द बोलणार नाही" म्हणून खरंच तोंड मिटतो. का केलंस, याचं उत्तर कुणालाच मिळत नाही. मेलेल्या इयागोपेक्षा तो गप्प इयागो मला जास्त छळतो. इंदूने लंगड्याला मारलं की प्रेक्षकाला सुटल्यासारखं वाटतं. शोकांतिकेत ते सुटणं मला नको असतं.


सुरंगी (वेंगुर्ला):

काका, तुमचा मान ठेवून सांगते, मला हे पटलं नाही. इंदूने मारलं तेव्हा मला तरी सुटल्यासारखं वाटलं नव्हतं. ती वस्तू तिनेच उचलली होती. भावजयीचा जीव आपल्या हातून गेला हे तिला कळतं, त्यानंतरचा तो वार आहे. नवऱ्याला मारून तिला काय मिळालं? भाऊ गेला, भावजय गेली, नवरा गेला. त्या घरात दिवा लावायला कोण राहिलं? ताईंची जाऊ "माका मारूचा आसा" म्हणाली ते सूड म्हणून म्हणाली असं मला वाटत नाही.


बंदरावरचो (मालवण):

मी स्वतः तांडेल. ट्रॉलरवर सोळा वर्षं. चित्रपट दोनदा पाहिलाय. नाटकातलं मला कमी कळतं, बोटीतलं सांगतो.

तुमच्या त्या जुन्या खलाशाला काय येतं ते नुसतं 'अनुभवी' म्हणून सोडू नका. आमच्यात जुनी माणसं डोंगर डोंगराला लावून जागा धरतात. देवगडचा दीपगृहाचा कडा आणि मागचा अमुक डोंगर एका रेषेत आला की खाली खडप आहे, जाळं फाटणार. कुणकेश्वराचं देऊळ कुठल्या झाडाआड गेलं की किती वाव पाणी, हे तोंडपाठ असतं. हे ज्ञान बापाकडून येतं, वहीत नसतं. आणि एक दिवस पोरगा पडद्यावर बोट ठेवून तीच जागा दाखवतो. त्या माणसाचं काय होतं ते मी पाहिलंय. माझ्या चुलत्याचं झालं. त्याने कुणाचं वाईट केलं नाही, पण दोन वर्षं बोटीवर यायचा बंद झाला होता आणि संध्याकाळी बंदरावर येऊन नुसता उभा राहायचा. तुमच्या खलनायकाला तो उभं राहण्याचा एक प्रवेश द्या.

पण पोराला मूर्ख करू नका. ही चूक होते. जीपीएस खोटं सांगत नाही, आणि केसूसुद्धा वाईट माणूस नव्हता. त्याला दारू पाजून भांडण लावलं म्हणून तो पडला. नेमणूक बरोबर होती आणि अन्यायही झाला होता, दोन्ही खरं असलं तरच खेळ उभा राहील.

आणि तुमचा तांडेल 'बाहेरचा' म्हणजे कोण? तुम्ही लिहिलं नाहीत. ओंकारात पहिल्यापासून त्याला आईच्या जातीवरून 'आधा' म्हणतात, मुलीचा बाप तर सरळ काढतो. तुम्ही ते पुसट ठेवलंत तर त्याच्या मनात संशय का शिरला ते कळायचं नाही. ज्याला आयुष्यभर ऐकवलंय की तू आमच्यातला नाहीस, त्यालाच वाटतं की ही मला सोडून जाणार.


खाडीकाठची:

सगळ्यांचे उपकार. तीन दिवस उत्तर दिलं नाही, कारण रोज रात्री तालीम होती आणि तुमचं एकेक करून बघत होते.

बंदरावरच्या दादांनी दुखरी जागा बरोबर धरली. तांडेलाच्या आईबद्दल मी पहिल्या खर्ड्यात स्पष्ट लिहिलं होतं, मग पुसलं. वाडीत बसून लिहिताना हात अडखळतो. ज्यांच्या तोंडून ते शब्द मी लहानपणापासून ऐकलेत ती माणसं पुढच्या खुर्च्यांवर बसणार आहेत. काल रात्री ते संवाद परत घातले. मुलीचा बाप आता सगळ्या वाडीसमोर बोलतो. त्या भूमिकेतल्या गृहस्थांनी वाचून विचारलं, "ह्या मीच बोलाचा काय?" मी हो म्हटलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, बोलतो.

चुलत्याचा तो बंदरावरचा प्रवेश घेतला आहे, दादा. त्यात एकही वाक्य नाही. बोटी सुटतात आणि तो उभा राहतो.

पेटीवाल्या दादांचं ऐकून पहिल्या प्रवेशातले चार विनोद काढले. त्यातला एक मला फार आवडला होता. सुरुवात आता आई जाळं शिवताना होते.

छल्ल्याचं सांगायचं म्हणजे, मी घरी सासूबाईंना विचारलं की वाडीत कुणाकडे असेल का. त्या काही न बोलता आत गेल्या आणि ट्रंकेच्या तळातून, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला काढून आणला. अठरा वर्षं मी या घरात आहे, मला तो कधी दिसला नव्हता. घराला आता लॅच आहे, किल्ल्या नाहीत, म्हणून द्यायचा राहून गेला असं म्हणाल्या. चिंचेने घासला. गोठ्याच्या, जुन्या पेटीच्या आणि बापजाद्यांच्या होडीच्या साखळीच्या अशा तीन गंजक्या किल्ल्या त्यात अडकवल्या.

रात्री तालमीत नायिकेच्या कमरेला तो लावला आणि दोन प्रवेश केले. तिसऱ्या प्रवेशात छल्ला गेलेला असतो. ती नुसती आत येते आणि पाण्याचा तांब्या ठेवते. मी तांडेलाला तिथे काहीच करायला सांगितलं नव्हतं, पाठमोरा बसून ताट संपव एवढंच सांगितलं होतं. ती आली, तांब्या ठेवला, परत वळली. त्याचा घास हातातच राहिला. तो म्हणाला, वैनी, आवाज इलो नाय म्हणान मी थांबलंय. आम्ही तो प्रवेश तसाच ठेवला आहे.

शेवटाचं काकांनी आणि सुरंगीताईंनी मला चांगलंच घुसळलं. काका, तुमचा गप्प इयागो मी सोडलेला नाही. आमच्या नाटकात जाऊबाई अडाळो उचलते, मासळी कापायचा, पहिल्या अंकापासून तिथेच पडलेला असतो. नवऱ्यासमोर उभी राहते. "कित्या?" म्हणजे का, एवढंच विचारते. तो बोलत नाही. ती परत विचारते. तो बोलत नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती अडाळो खाली ठेवते की मारते, ते अजून ठरलेलं नाही. जाऊ म्हणते, मारतली. काल पहिल्यांदा तिने तिसरा "कित्या" म्हटला तेव्हा तिच्या हातातून अडाळो आपोआप खाली आला आणि ती भावजयीच्या पायाशी बसून हेळ काढून रडायला लागली. ते लिहिलेलं नव्हतं. पटांगणात तालीम बघायला आलेली वीस-पंचवीस माणसं होती, पोरं होती. कुणी हसलं नाही.

उद्या पुन्हा तोच प्रवेश घेणार आहे, बोटी लागल्यावर, साडेनऊला. सुरंगीताई, छल्ल्याचा आकडा थोडा सैल झालाय, नाचताना निसटेल अशी भीती वाटते. वेंगुर्ल्यात जुनी चांदी न वितळवता नुसता आकडा आवळून देणारा कुणी सोनार असेल तर सांगा. सासूबाईंनी बजावलंय की तो आगीत घालायचा नाही.